विद्यार्थी अर्धा स्वीकारता येत नाही

विमा ही अनिश्चित संकटाविरुद्ध केलेली तजवीज होय. जे संकट देहात आधीच ठाण मांडून बसले आहे त्याचा विमा मागणे म्हणजे घराला आग लागल्यावर आगीचा विमा उतरवण्यासाठी कचेरीकडे धाव घेणे होय. सबब परदेशी शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यास मधुमेह, दमा किंवा अपस्मार यांसारखा एखादा पूर्वीचा विकार असेल, तर तेवढा विकार विम्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात कोणताही अन्याय नाही, असा युक्तिवाद विमाव्यवसायातील जाणकार मंडळी नेहमीच करीत आली आहेत. अलीकडे परदेशी प्रवेशाविषयी मार्गदर्शन करणाऱ्यांच्या तोंडूनही तो इतक्या निःशंकपणे ऐकू येतो की, समोर बसलेले आईबाप निरुत्तर होतात आणि दाखवलेल्या जागी सही करून मोकळे होतात. हा युक्तिवाद वरवर तर्कशुद्ध दिसत असला, तरी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो मुळातच चुकीचा आहे, व त्याच्या आधाराने चाललेला व्यवहार आमच्या मुलांच्या जिवाशी खेळणारा आहे, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मला अवश्य वाटते.

मावळातील माणसांना हा विषय आता परका राहिलेला नाही. भाताची खाचरे, इंद्रायणी-पवनेचे पाणी आणि बोरघाट चढून येणारी आगगाडी एवढ्यावर ज्या तालुक्याची ओळख एकेकाळी पुरी होत असे, तेथे तळेगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, द्रुतगती महामार्ग झाला, फुलशेतीची हरितगृहे आली, जमिनींना भाव आला; आणि वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा येथील ज्या घरांत आजोबांचे शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपाशी थांबले होते, त्याच घरांतील नातवंडे आज जर्मनी, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथील विद्यापीठांची प्रवेशपत्रे हाती घेऊन व्हिसाच्या तारखेची वाट पाहत आहेत. कोणी बँकेचे कर्ज काढले आहे, कोणी वडिलार्जित जमिनीचा तुकडा विकला आहे. शुल्क, भाडे, विमानाचे तिकीट यांचा हिशेब घरोघर पै-पैचा होतो. विम्याचा कागद मात्र व्हिसाच्या फायलीत लावावयाचा एक दाखला म्हणून न वाचताच लावला जातो.

तळेगावातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात हा कागद मी ओळ न् ओळ वाचला. त्या घरातील मुलीला अकराव्या वर्षी पहिल्या प्रकारचा मधुमेह जडला. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे दिवसातून चार वेळा ते टोचून घेणे हा तिच्या नित्यक्रमाचा भाग आहे. वापरात घेतलेले इन्सुलिनचे पेन साधारण अठ्ठावीस दिवसांत संपवावे लागते, म्हणून नवीन पेन उघडताच ती त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून तारीख लिहिते. न उघडलेली पेने फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात ओळीने मांडलेली असतात. अशा शिस्तीत वाढलेल्या त्या मुलीला अमेरिकेतील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला व वडिलांनी येथील एका कंपनीची विद्यार्थी-प्रवास पॉलिसी घेतली. मोठ्या अक्षरांत लाखो डॉलरच्या संरक्षणाचे आश्वासन होते. आतल्या पानावरील बारीक मजकुरात मात्र पूर्वीपासून असलेल्या विकारामुळे 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष' उद्भवणारा कोणताही खर्च वगळलेला होता, व अपवाद केला होता तो केवळ जिवावर बेतलेल्या प्रसंगी प्रकृती स्थिर होईपर्यंतच्या उपचारांचा, तोही एका तुटपुंज्या मर्यादेपर्यंतच.

यातील 'अप्रत्यक्ष' हा शब्द किती दूरवर पोहोचतो ते पाहावे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रोग्यास साधा फ्लू झाला, वांत्या सुरू झाल्या आणि इन्सुलिनचे मान बिघडले, तर रक्तात आम्ल साठून एकदोन दिवसांतच त्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागते. फ्लू नवा आहे, परंतु रुग्णालयाचे बिल मधुमेहाच्या नावावर टाकावयास हे एक विशेषण पुरेसे आहे. दमेकऱ्याचा न्यूमोनिया, अपस्माराच्या रोग्याचे जिन्यावरून पडणे, जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलाचा साधा ताप, यांपैकी कोणतीही आपत्ती या शब्दाच्या तावडीतून सुटत नाही. म्हणजे वगळला जातो तो एक विकार असे म्हणावयाचे, आणि प्रत्यक्षात वगळला जातो तो विद्यार्थ्याचा सबंध देह.

आता आगीच्या दाखल्याकडे वळू. विमाशास्त्रास जी रास्त भीती वाटते ती अशी की, विमा घेण्या-न घेण्याची ज्याला पूर्ण मुभा आहे तो धडधाकट असेतोवर हप्ता वाचवील आणि रोग जडताच पॉलिसी घेईल. सर्वांनीच असे केले तर निधीत भरणारे थोडे व त्यातून घेणारे फार अशी स्थिती होऊन निधी बुडेल. खुशीच्या व्यवहारात ही भीती खरी आहे, व तेथे तिची दखल घेणे कंपन्यांस भागच आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु परदेशी जाणारा विद्यार्थी विमा का घेतो? व्हिसाची शर्त असते म्हणून, किंवा विद्यापीठाचा नियम असतो म्हणून. रोग जडल्यामुळे तो पॉलिसीकडे वळलेला नसतो. प्रवेश मिळाल्यामुळे त्याला ती घ्यावी लागते, आणि ज्याला जन्मात सर्दीपलीकडे काही झाले नाही असा त्याचा वर्गबंधूही त्याच कारणास्तव तीच पॉलिसी घेत असतो. निरोगी व रोगी यांचे जे मिश्रण विमानिधीस सुदृढ ठेवते, ते येथे नियमाच्या सक्तीनेच सिद्ध झालेले आहे, आणि त्यातही बहुसंख्य मंडळी विशी-पंचविशीतील, म्हणजे आयुष्यात सर्वांत कमी आजारी पडणारी. ज्या भीतीच्या जोरावर पूर्वविकार वगळले जातात ती भीती ज्या व्यवहारात उद्भवतच नाही, तेथेही ती पुढे करून वगळणूक तशीच चालू ठेवणे, याला शास्त्राचा आधार नाही.

दुसरा युक्तिवाद असा की, पूर्वविकार कायमचे वगळले जात नाहीत, त्यांस केवळ प्रतीक्षाकाल असतो. देशांतर्गत आरोग्यविम्यापुरते हे खरे आहे; विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली हा काल जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला, ही स्वागतार्ह सुधारणा होय. पण ही तरतूद परदेश-प्रवासाच्या पॉलिसीस लागू नाही. आणि समजा लागू केली, तरी ज्याचा अभ्यासक्रमच दोन वर्षांचा आहे त्याला तीन वर्षे थांबा असे सांगणे व साफ नकार देणे यांत अंतर काय राहिले? ऑस्ट्रेलियातील विद्यार्थी-विम्यात पूर्वीच्या शारीरिक विकारांस १२ महिन्यांचा प्रतीक्षाकाल आहे, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणातील निम्मा काळ मुलाने स्वतःच्या खिशावर काढावयाचा. अमेरिकेत विनिमय-योजनेच्या व्हिसावर जाणाऱ्यांस प्रत्येक आजारामागे किमान १,००,००० डॉलरचा विमा सक्तीचा आहे, पण तेथील नियमावलीनेही पूर्वविकारांस वाजवी प्रतीक्षाकाल ठेवण्याची मुभा दिलेली आहे. महिने मोजून शिकावयास आलेल्या माणसास असली मुदत घालणे वाजवी कसे, याचे उत्तर कोणी देत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट मला विशेष खटकते. त्या मुलीच्या आईबापांनी ती शाळेत असल्यापासून घरच्या मेडिक्लेमचा हप्ता एकदाही न चुकवता भरला आहे आणि तिच्या मधुमेहाचा प्रतीक्षाकाल केव्हाच उलटून गेला आहे. १ ऑक्टोबर २०११ पासून आपल्या देशात एका कंपनीचा आरोग्यविमा दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, व तसे करताना आधी काढलेला प्रतीक्षाकाल हिशेबात धरला जातो. मग तीच मुलगी सहार विमानतळावरून निघाली की तिची सारी वर्षे रद्दबातल का व्हावीत? घरच्या पॉलिसीची हद्द बहुधा भारतापुरती, आणि प्रवासाच्या पॉलिसीस घरच्या हप्त्यांची ओळख नाही. या दोहोंच्या मधल्या फटीत जे मूल पडते त्याने दोन्हीकडे पैसे भरलेले असतात, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे आगीनंतर विमा मागणारा हा इसम नव्हे, हे कोणासही पटावे.

यावर उत्तर येते की, सर्वांना सर्व विकारांसह घेतले तर कंपन्या बुडतील. पण इतर देशांचा अनुभव पाहा. जर्मनीत १९७५ पासून विद्यार्थ्यांचा समावेश सार्वजनिक आरोग्यविम्यात झालेला आहे. तेथे तीस वर्षांखालील विद्यार्थ्यास, मग तो म्युनिकचा असो की मावळचा, पूर्वीच्या रोगांविषयी विचारणा न होता ठरावीक हप्त्यात सामावून घेतले जाते. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ शिकावयास जाणाऱ्याकडून व्हिसाबरोबरच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य-अधिभार वसूल करतात, रक्कम हलकी नाही, परंतु एकदा ती भरली की मधुमेही व निरोगी असा भेद सरकारी आरोग्यसेवेच्या दारात राहत नाही. जपानमध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास राष्ट्रीय आरोग्यविम्यात नाव घालावेच लागते व उपचारखर्चाचा ३० टक्के भाग तेवढा तो स्वतः सोसतो. आणि जी अमेरिका खासगी विम्याची माहेरभूमी समजली जाते, तेथेही २०१० च्या आरोग्यकायद्यानुसार १ जानेवारी २०१४ पासून, विद्यापीठांनी विमा कंपन्यांमार्फत चालवलेल्या विद्यार्थी-योजनांना पूर्वविकाराच्या सबबीवर कोणास वगळता येत नाही. या देशांत विमा बुडालेला नाही. तेथे खर्च नाहीसा झाला असेही नव्हे. तो सर्वांत वाटला गेला, इतकेच.

आपल्याकडील स्वस्त पॉलिसीचा मोह येथेच फसवा ठरतो. विद्यापीठाची योजना महाग म्हणून पुष्कळ मुले येथूनच विमा काढून नेतात व विद्यापीठाकडे त्या योजनेतून सूट मिळवण्याचा अर्ज करतात. परंतु पर्यायी विम्यात पूर्वविकारांचा समावेश असलाच पाहिजे अशी अट अनेक विद्यापीठे घालतात, तो अर्ज नामंजूर होतो, आणि मग दोन्ही हप्ते भरण्याची पाळी येते. अर्ज मंजूर झाला तर मात्र अधिक वाईट, कारण तेव्हा मुलाच्या हाती तोच बारीक मजकुराचा कागद उरतो.

थोडेथोडे सर्वांकडून घेऊन मोठे कार्य उभारण्याची रीत मावळाला कोणी परदेशातून येऊन शिकवावी अशी स्थिती नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून जो पैसाफंड उभा केला व ज्याला लोकमान्यांचा पाठिंबा लाभला, त्याच फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला, आणि परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तेथे कारागीर तयार झाले. एक पैसा देणाऱ्यास त्याचे ओझे झाले नाही. घेणाऱ्यास मात्र त्यातून आयुष्यभराची विद्या मिळाली. विद्यार्थ्यांच्या विम्याचे गणित याहून निराळे नाही. बहुसंख्य निरोगी मुलांच्या हप्त्यात अल्पशी भर पडेल, हे मी नाकारीत नाही. त्या भरीच्या मोबदल्यात प्रत्येक घराला, ज्या घरात उद्या असा विकार निघू शकतो त्या घरालाही, निर्धास्तपणा मिळतो.

तिसरा आक्षेप अधिक कठोर आहे, आणि तो कंपन्यांपेक्षा आपल्याच नातलगांच्या तोंडी असतो: एवढा आजार आहे तर परदेशी जावेच कशाला, येथे महाविद्यालये काय थोडी आहेत? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा होते, आणि सततची डोकेदुखी, मधून मधून येणारा ताप व श्वास लागणे हे विकार त्यांच्या मागे आधीच लागलेले होते. आजच्या कोणत्याही विमा-अर्जावर त्या पूर्वविकारी ठरल्या असत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्यांनी एम. डी. ही पदवी मिळवली, व क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन स्वदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. परक्या मुलखात त्यांना घरचा आधार मिळाला तो रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या ममतेमुळे. प्रकृती बरी नाही म्हणून त्या घरी राहिल्या असत्या, तर महाराष्ट्राला काय मुकावे लागले असते हे सांगावयास नको. आणि त्यांच्या आजारपणाचा भार एका परक्या बाईच्या चांगुलपणावर टाकून आपण गप्प बसलो, हेही विसरावयास नको. चांगुलपणा मिळाला तर भाग्य, पण त्यास व्यवस्था म्हणता येत नाही.

शिवाय विकारग्रस्त मूल म्हणजे दुबळे मूल, ही कल्पनाच जुनाट झाली आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लेनर्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनची पहिली मात्रा टोचली गेली, त्यापूर्वी पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणजे मुलाच्या मृत्यूचा हुकूमच असे. विज्ञानाने तो हुकूम फिरवला. आज अशी मुले शिकतात, सह्याद्रीचे गड चढतात, संसार करतात. ज्या मुलाला विज्ञानाने पूर्ण आयुष्य परत दिले, त्याच्यावर विम्याच्या एका कलमाने पुन्हा अपात्रतेचा शिक्का मारावा, ही प्रगतीची दिशा म्हणता येणार नाही.

यातून पळवाट सुचवणारे तर आणखी घातक आहेत. काही एजंट अगदी आपुलकीने सांगतात, "काका, कशाला लिहिता? तपासणी तर होत नाही, 'नाही' म्हणून खूण करा." या सल्ल्याचा निषेध करावा तितका थोडा. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो आणि लपवलेला विकार उघडकीस आला की पॉलिसी कोसळते, तीही नेमकी मूल इस्पितळात असताना. सत्य लिहिण्याने मात्र विमाधारकाची बाजू भक्कम होते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये मनमोहन नंदा यांच्या दाव्यात दाखवून दिले. नंदा यांनी परदेश-प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेताना मधुमेह असल्याचे सांगितले होते, कंपनीने वैद्यकीय तपासणी करून पॉलिसी दिली होती. २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला, शस्त्रक्रिया झाली, आणि कंपनीने पूर्वविकाराचे कारण दाखवून दावा फेटाळला. प्रकृतीची स्थिती पाहून एकदा पॉलिसी दिल्यावर, अर्जात नमूद केलेल्याच विकाराकडे बोट दाखवून कंपनीला मागे फिरता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. हा निर्णय मोठा आहे, तरी त्यासाठी त्या गृहस्थास बारा वर्षे झगडावे लागले. विशीतल्या विद्यार्थ्याजवळ बारा वर्षे नसतात.

मनाच्या आजारांविषयी तर याहून अधिक मौन पाळले जाते. घरापासून हजारो कोस दूर, एकाकी खोलीत, कर्जाच्या ओझ्याखाली ज्याचा जुना विषाद उसळून येईल अशा मुलाला डॉक्टरची गरज सर्वांत अधिक. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजाराच्या उपचारांचीही विम्यात तरतूद करण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. तेच तत्त्व विमानात बसणाऱ्या मुलामागून समुद्रापार का जाऊ नये?

हा प्रश्न एकमार्गी नाही, याची जाणीव लोणावळ्याला असली पाहिजे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी येथे कैवल्यधाम स्थापले व योगक्रियांचा देहावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचा प्रघात पाडला. तेव्हापासून देशोदेशीचे जिज्ञासू येथे शिकावयास येतात. योग शिकावयास येणाऱ्यांत दमा, पाठदुखी, रक्तदाब यांनी गांजलेली माणसे असणारच, किंबहुना त्या दुखण्यानेच अनेकांना योगाकडे वळवलेले असते. त्यांच्यापैकी कोणास ऐन श्रावणात, घाटमाथ्यावरच्या ओल्या हवेत, दम्याचा झटका आला आणि जुना रोग म्हणून त्याच्या विम्याने हात वर केले, तर यजमान म्हणून मान आपली खाली जाईल. जे आपल्या पाहुण्यास मिळावे असे आपणास वाटते, ते आपल्या मुलांसाठी मागण्यात संकोच कसला?

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. विमा नियामक प्राधिकरणाने परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची पॉलिसी हौशी प्रवाशांच्या पॉलिसीपासून वेगळी काढावी, तिच्यात पूर्वविकार वगळण्यास मनाई करावी, आणि त्याचा भार सर्व विद्यार्थ्यांच्या हप्त्यावर समप्रमाणात टाकावा. हे होईपर्यंत निदान घरच्या मेडिक्लेममध्ये पूर्ण झालेला प्रतीक्षाकाल परदेशी पॉलिसीत जमेस धरावा, आणि 'अप्रत्यक्ष' हे सर्वभक्षक विशेषण कलमातून काढून टाकावे. काय मिळणार नाही हे पहिल्याच पानावर, मोठ्या टाइपात व मराठीत छापावे. ग्राहक माहिती पत्रक ग्राहकाने मागितल्यास त्याच्या भाषेत देण्याची सोय आहेच, ती न मागता अमलात यावी. महाराष्ट्र शासन राजर्षी शाहू महाराजांच्या नावे शिष्यवृत्ती देऊन मुलांना परदेशी पाठवते. अशा प्रत्येक मुलाचा विमा विकारासह पूर्ण आहे की नाही, हे तपासून मगच त्याला निरोप देणे शासनाचे कर्तव्य आहे. आणि मावळातल्या आईबापांस माझे आग्रहाचे सांगणे आहे की, अर्जात सत्य लिहा, उत्तर लेखी घ्या, विद्यापीठाच्या योजनेत पूर्वविकार धरले जातात काय हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारा, आणि हप्ता स्वस्त पडतो एवढ्यावर मुलाचा जीव तोलू नका.

विद्यापीठ विद्यार्थ्याला प्रवेश देते तेव्हा त्याचा मधुमेह गेटाबाहेर ठेवून ये असे सांगत नाही. शुल्क घेते ते सबंध माणसाचे, आणि कर्ज देणारी बँकही परतफेड मागते ती सबंध माणसाकडून. ज्याच्याकडून सर्वजण पूर्ण घेतात, त्याला संकटाच्या वेळी अर्धाच ओळखणारा विमा विद्यार्थ्यांचा विमा या नावास पात्र नाही, आणि तो बदलल्यावाचून ही मागणी थांबता कामा नये.